डावं बटण, उजवा पत्रा

थप्पड एवढ्या जोरात बसली की मिस्तरीने ओठांत धरलेला स्क्रू उडून बोटीच्या तळाशी पडला.

"डावं बटण दाबलं की उजवा पत्रा खाली जातोय! मी स्वतः बघितलं काल," बोटीचा मालक ओरडला. "एवढं साधं जोडता येत नाही तुला?"

"साहेब, ते तसंच असतं. डावं बटण म्हणजे बोटीची डावी बाजू..."

दुसरी बसली, त्याच डाव्या गालावर. धक्क्यावर दोघेजण दोर गुंडाळत होते. त्यांनी माना खाली घातल्या आणि गुंडाळलेलाच दोर सोडून पुन्हा गुंडाळायला घेतला.

मिस्तरीचं चुकलं नव्हतं. हे पत्रे म्हणजे ट्रिम टॅब, बोटीच्या पाठीला, पाण्यालगत बसवलेले स्टीलचे दोन पत्रे. उजवा पत्रा खाली केला की वेगात पाणी त्याला वर रेटतं, बोटीची उजवी बाजू उचलली जाते आणि डावी खाली बसते. चालवणाऱ्याला बोट डावीकडे झुकवायची असते, तो डावं बटण दाबतो. पत्रा उजवा हलतो. म्हणून त्या वायरी फुली मारल्यासारख्या जातात. तीस वर्षं मिस्तरी त्या तशाच जोडत आला होता. पण गाल पेटलेला असताना कोणाला शहाणं करायची हौस उरत नाही. घे बाबा, तुझं तुला लखलाभ, असं पुटपुटत त्याने दोन्ही वायरी उपटल्या आणि सरळ जोडून टाकल्या. डाव्याला डावी, उजव्याला उजवी.

आता हे धाकट्याला सांगायला हवं होतं. धाकटा म्हणजे त्याचा सख्खा भाऊ, याच बोटीचा ड्रायव्हर. हात सोन्याचा, डोकं मात्र एवढं गरम की वर चहा उकळावा. मागे एकाने मिस्तरीला नुसतं ढकललं, तर धाकट्याने त्याला खुर्चीसकट पाण्यात फेकलं होतं. वायरी का बदलल्या, असं तो विचारणार. मग थपडांचं सांगावं लागणार. मग धाकटा मालकाचा जबडा फोडणार, नोकरी जाणार, तुरुंगही दिसणार. हे सगळं खरंच होतं. पण त्याहून खरं असं होतं की, मिस्तरीला लाज वाटत होती. धाकट्या भावाला कुठल्या तोंडाने सांगायचं की मी मार खाल्ला आणि गप्प बसलो?

"दादा, गाल का सुजलाय?" दुपारी बोट सोडताना धाकट्याने विचारलंच.

"दाढ," मिस्तरी म्हणाला.

मालक उजवीकडच्या बाकावर ऐसपैस बसला होता. मिस्तरीही बोटीत चढला होता. बंदराच्या तोंडाचा बंधारा ओलांडला की सांगू, असं त्याने ठरवलं. बंधारा मागे पडला. उजवीकडून वारा सुटला होता, लाटा आखूड आणि टणक होत्या. धाकट्याने वेग वाढवला तशी बोट वाऱ्याकडे, उजवीकडे कलली.

धाकट्याने न बघता डावं बटण दाबलं. त्याच्या बोटांना बारा वर्षांची सवय होती. डावा पत्रा खाली गेला, डावी बाजू उचलली गेली आणि बोट उजवीकडे आणखी कलली. त्याने आणखी दाबलं.

"ते नको! दुसरं दाब!" मिस्तरी किंचाळला.

उशीर झाला होता. उजवा काठ लाटेत रुतला आणि बोट जागच्या जागी गर्रकन फिरली. मिस्तरीच्या बरगड्या बाकावर आपटल्या, काहीतरी कडकन मोडलं. मालकाचं तोंड कठड्यावर आदळलं. धाकटा सुकाणूवरून उडून पाण्यात पडला आणि बोट बेफाम गोल फिरत त्याच्याच अंगावर आली. मिस्तरीने सरपटत जाऊन इंजिन बंद केलं, पण त्याआधी पाण्यातल्या पंख्याचा आवाज एकदा बदलला होता. कशाने बदलला ते त्याला बघावं लागलं नाही. पाणी लाल झालं होतं.

त्याने भावाला काखेत धरून वर ओढलं. उजव्या कोपराच्या खाली हात म्हणण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

"पट्टा द्या! तुमचा पट्टा!"

"उलटं बटण दाबलं गाढवाने!" मालक रक्त थुंकत म्हणाला. "बोटीची वाट लावली माझ्या!"

मिस्तरीने त्याच्या तोंडावर मूठ हाणली. मग पुन्हा. मालक आडवा झाला तेव्हा त्याच्या कमरेचा पट्टा खेचून काढला आणि भावाच्या दंडाला आवळून बांधला. तीस वर्षांत त्याने माणसावर उगारलेला तो पहिला हात होता. सकाळी उगारला असता तर पुरे होतं.

चौथ्या दिवशी इस्पितळात धाकट्याला नीट शुद्ध आली.

"दादा, डोळे मिटले की तेच दिसतं. मी बटण बरोबर दाबलं होतं ना?"

"बरोबरच दाबलं होतंस. मी वायरी बदलल्या होत्या."

"तू? का?"

मिस्तरीने सगळं सांगितलं. दोन थपडा, दोर गुंडाळणारे, दाढेची थाप. "लाज वाटली रे मला," तो म्हणाला, आणि शिव्यांची वाट बघत बसला. शिव्या त्याला हव्याच होत्या.

धाकट्याने त्याच्या गालाकडे बघितलं.

"त्याने तुला हात लावला?" त्याचे डोळे पेटले. "थांब, बघतोच त्याच्याकडे!"

असं म्हणत तो उजव्या हातावर भार देऊन उठायला गेला, आणि हात नसलेल्या बाजूला कलला. मिस्तरीने पुढे होऊन आपला खांदा तिथे लावला.