बंद न होणारा तुकडा

तिने जुन्या लाईनचा तुकडा पुन्हा निवडला, त्याच्यापुढे 'वापरातून बाद' असं लिहिलं आणि बटण दाबलं. पडद्यावर तोच लाल संदेश आला: या तुकड्यावर एक घर जोडलेलं आहे.

"डोकं उठवलंय नुसतं," ती पुटपुटली.

गॅस कंपनीचे नकाशे ती सांभाळत असे. पुलाच्या कामासाठी एक लाईन वळवून मागच्या रस्त्याने नेली होती. नवी लाईन नकाशात चढली होती. जमिनीतच सोडून दिलेली जुनी तेवढी बाद दाखवायची राहिली होती. ते झालं की पुलाचा ठेकेदार उद्या सकाळी जुना पाइप कापून काढणार होता. साहेब सारखे डोकावत होते. शेवटी वैतागून म्हणाले, ते घरच नकाशातून उडवा आणि मोकळ्या व्हा.

तिने उडवलंही असतं, कारण लाईन बंद झाल्याचं कळवणारा सुपरवायझर तिचाच नवरा होता. खात्रीसाठी तिने त्याला फोन लावला. ते घर आपण स्वतः नव्या लाईनवर घेतल्याचं त्याने सांगितलं, आणि तुमच्या नकाशांना कशाचाच पत्ता नसतो, असंही वर ऐकवलं.

ते तिला झोंबलं. दुपारी ती त्या घरी जाऊन थडकली आणि त्यालाही यायला लावलं.

दार एका आजींनी उघडलं. शेगडीवर दूध तापत होतं. नवरा रस्त्यावर जुन्या लाईनच्या वॉल्व्हपाशी थांबला, ती ओट्यापाशी. फोन चालूच होता.

"फिरव," ती म्हणाली.

ज्योत खाली बसली, फडफडली आणि विझली. तिने शेगडीचं बटण बंद केलं.

"काय झालं?"

"गेली."

आजी दूध अर्धवट राहिल्याबद्दल कुरकुरत होत्या.

त्याने वॉल्व्ह पुन्हा उघडला, आत येऊन शेगडी पेटवून दिली. मग रस्त्यावर आल्यावर, हातातल्या पान्याकडे बघत, त्याने तिला सांगितलं. लाईन वळवली त्या संध्याकाळी रस्ता मोकळा करा म्हणून सगळे मागे लागले होते. हे घर उद्या जोडू आणि मगच जुनी लाईन तोडू, असं म्हणून त्याने खड्डा बुजवला. तो 'उद्या' दुसऱ्याच कामात गेला, आणि कागदावर मात्र लाईन बंद झाली. एवढं बोलून त्याने ठेकेदाराला फोन केला आणि खोदकाम थांबवलं. कारण सांगितलं नाही.

ती ऑफिसात परतली. झालं का, असं साहेबांनी विचारलं.

"सॉफ्टवेअरमध्येच काहीतरी गडबड आहे, साहेब," ती म्हणाली. आपण असं काही बोलू, हे तिला जिना चढतानाही ठाऊक नव्हतं. "थोडा वेळ द्या."

"सॉफ्टवेअर ठीक आहे."

नवरा दारात उभा होता. वर ऑफिसात तो कधी येत नसे. चिखलाचे बूट त्याने बाहेरच काढले होते.

"ती लाईन चालू आहे, साहेब. मी बंद केलीच नव्हती."

साहेबांनी त्याला आपल्या खोलीत नेलं. दार लागलं.

बाहेर त्याचे बूट वेडेवाकडे पडले होते. तिने ते उचलून भिंतीशी सरळ लावले आणि तिथेच उभी राहिली.