उजव्या बाजूचं हाड

गेटवर हजेरीचं मशीन बसणार अशी नोटीस लागली, त्या दिवसापासून भाविकाच्या घशाखाली घास उतरेना. पडघ्याजवळच्या त्या गोदामात ती पाच वर्षं कामाला होती. गिऱ्हाइकांनी परत पाठवलेला माल उघडायचा, तपासायचा आणि पुन्हा स्टिकर लावून रॅकवर पाठवायचा, हे तिचं काम. आजवर कार्ड दाखवलं की वॉचमन आत सोडायचा. आता मशीनसमोर उभं राहायचं होतं आणि मशीन चेहरा ओळखून हजेरी लावणार होतं. नोटिशीतली शेवटची ओळ ठळक अक्षरांत होती. मास्क, ओढणी, गॉगल काढून उभे राहावे.

करोनात चढवलेला मास्क भाविकाने लोकांत कधी उतरवलाच नव्हता. बाकीच्या बायकांनी केव्हाच फेकून दिले. हिने मात्र धुळीचं निमित्त धरलं. पाणीसुद्धा ती भिंतीकडे तोंड करून प्यायची. डबा खायची तो एकट्या नाजनीनसोबत, मागच्या रॅकच्या आडोशाला. नारपोलीची नाजनीन तिच्याच टेबलावर काम करायची. मास्कखालचा चेहरा गोदामात फक्त तिला ठाऊक होता.

सोमवारी सकाळी रांगेत भाविकाच्या पुढे सहा जणी होत्या. मग चार. मग एक. तिचा नंबर आला तेव्हा तिने डोळे खाली ठेवूनच मास्क हनुवटीखाली ओढला.

"पूर्ण काढ गं," वॉचमन म्हणाला.

तिने काढला. मशीनने लाल दिवा दाखवला आणि बाईच्या गोड आवाजात सांगितलं, "चेहरा जुळत नाही. पुन्हा प्रयत्न करा."

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा भाविकाने दात आवळून हनुवटी उजवीकडे ओढून धरली. कानापाशी कट्ट झालं, कळ डोक्यापर्यंत गेली. मशीन म्हणालं, "चेहरा जुळत नाही. सुपरवायझरना भेटा."

मागे कुणीतरी कुजबुजलं, "आई गं! हिच्या तोंडावरनं वारं गेलं काय?"

सुपरवायझर विपुलने तिला केबिनमध्ये बोलावलं. संगणकावर तिच्या कार्डावरचा फोटो उघडा होता. नोकरीला लागली त्या आठवड्यात काढलेला, एकोणीस वर्षांची असतानाचा. त्यात हनुवटी नाकाच्या सरळ रेषेत होती. आता ती डावीकडे सरकली होती, दोन बोटं तरी. डावा गाल आत गेल्यासारखा आणि उजवा लांब, ओघळल्यासारखा दिसायचा. ओठांची रेघ तिरकी झाली होती.

"हा फोटो कुणाचा?"

"माझा."

"बहीण आहे तुला?"

"नाही."

विपुलने कपाळ चोळलं. मागच्याच महिन्यात दोन बायका नात्यातल्यांच्या कार्डावर काम करताना सापडल्या होत्या आणि त्याला त्याबद्दल वरून बोलणी बसली होती. "हे बघ, मला कुणाचं वाईट करायचं नाही. पण मशीन नाही म्हणतंय. आणि खरं सांगू? मी फोटो बघतोय, तुला बघतोय, तर मलाही छातीठोकपणे सांगता येत नाही."

त्या वाक्याने भाविकाचे कान तापले. मशीनचं तिला इतकं लागलं नव्हतं.

दार ढकलून नाजनीन आत आली. "सर, पाच साल से इसके साथ बैठ के खाती हूँ मैं. हीच आहे ती. चेहरा हळूहळू बदलला, मी बघितलंय ना! मेरी हजेरी काट लो, पर इसको चोर मत बोलो."

"चोर कोण म्हणालं?" विपुल चिडला, मग आवाज उतरवून म्हणाला, "डॉक्टरचं पत्र आण. काय आजार आहे, चेहरा का बदलला, ते लिहून. शुक्रवारपर्यंत. नाहीतर कार्ड बंद करावं लागेल मला."

बाहेर आल्यावर नाजनीनने तिच्या हातात एक नंबर लिहून दिला. तिचा भाऊ इम्रान गाडीवरून पडला तेव्हा त्याचा मोडलेला जबडा ठाण्यातल्या एका डॉक्टरीण बाईंनी बसवला होता. "जाके दिखा," ती म्हणाली. "चार साल से बोल रही हूँ."

दवाखान्यात जायला भाविका तयार होती. अडचण घरी होती.

कोनला, घरी, ती पोचली तेव्हा तिची आई पार्वती ओटीवर सुकट निवडत बसली होती. सगळं ऐकूनही तिने मान वर केली नाही. "दवाखाना नको. जायफळ उगालून लावू. त्या शहाडच्या बाबाकडं परत मालीश करू."

"चार वर्षं मालीशच चाललीय, आई! डावा गाल चोळून चोळून कातडी काळी पडली."

"डाक्टर कापाकापी सांगतात."

"सांगू देत. निदान नाव तरी कळेल."

"नको बोललं ना मी!" सुकटाचं सूप बाजूला सारून पार्वती आत निघून गेली.

आई का घाबरते, ते भाविकाला माहीत होतं. ती वीस वर्षांची असताना मामेबहिणीच्या हळदीत तिने चार बायकांदेखत आईला उलट उत्तर दिलं होतं, आणि आईने तिथेच तिच्या थोबाडीत मारली होती. आवाज मांडवभर गेला. पुढे काही महिन्यांनी घास चावताना कानापाशी कट्कट् व्हायला लागलं, मग हनुवटी सरकायला लागली. घरात कुणी काही बोललं नाही. पण एका दुपारी आरशासमोरून उठून भाविकाच किंचाळली होती, "हे तू केलंस! तुझ्या हाताने केलंस!" पार्वती तेव्हाही काही बोलली नव्हती. त्यानंतर तिने मुलीवर कधी आवाज चढवला नाही, आणि कुठल्याही मोठ्या डॉक्टरच्या दारात पाऊल ठेवलं नाही.

भाविकाला ते शब्द परत घेता आले नव्हते. खरं सांगायचं तर घ्यायचेही नव्हते. कुणालातरी दोष देता येत होता, त्यावर तिचे कित्येक दिवस निघाले होते.

मंगळवारी तिने एकटीनेच जायची तयारी केली. चप्पल घालताना बघते, तर पार्वती नवी साडी नेसून दारात उभी. "चल," एवढंच म्हणाली. ठाण्यापर्यंत दोघी शेजारी बसून होत्या.

डॉक्टर केळुसकर पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी भाविकाच्या दोन्ही कानांसमोर बोटं ठेवून तोंड उघडायला, मिटायला लावलं. दातांत लाकडी पट्टी धरायला लावली, ती तिरकी झाली. मग विचारलं, "लहानपणी पडलीस कधी? तोंडाला मार लागला होता?"

भाविका हातातली लाकडी पट्टी पुसत राहिली.

"मी मारली," पार्वती म्हणाली. तिचे दोन्ही हात पदराखाली होते. "मीच मारली तिला. जोरान मारली. लिवा तुमच्या कागदावर."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आधी फोटो काढू. मग बोलू."

अर्ध्या तासाने त्यांनी जबड्याचा एक्स-रे पडद्यावर लावला आणि पेन्सिलीने दाखवलं. "हा जबड्याचा सांधा, कानासमोरचा. दोन्हीकडे असतो. हे बघा, एका बाजूचं टोक लहान, नेहमीसारखं. आणि दुसऱ्या बाजूचं बघा केवढं मोठं आणि लांब. हे हाड वाढत राहिलं आणि जबडा पलीकडे ढकलत गेलं. म्हणून हनुवटी डावीकडे गेली. आजार या, उजव्या सांध्यात आहे."

"उजव्या?" भाविका म्हणाली. "पण गाल तर डावा बसलाय."

"तसं दिसतं. डावी बाजू चांगली आहे, उजवी तिला ढकलतेय."

पार्वतीने पदराखालून उजवा हात बाहेर काढला. समोर कुणी उभं असल्यासारखा तो हवेत हळूच फिरवला आणि थांबवला. "मी तर हिच्या डाव्या गालावर मारली होती," ती पुटपुटली. "या हातान. डाव्या."

"ताई, कुठल्याही गालावर मारली असती तरी एका थापडेने असं होत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हे हाड का वाढतं ते आम्हालाही नेमकं सांगता येत नाही. काहींचं वाढतं, बस. मुलीला मारू नये ते वेगळं. पण हे तुम्ही केलेलं नाही."

पार्वती रडली नाही. हात मांडीवर ठेवून ती त्याच्याकडे बघत राहिली. भाविकाला तिथून पळून जावंसं वाटलं. चार वर्षं आई ज्याची शिक्षा भोगत होती, ती शिक्षा भाविकाने दिली होती, आणि ती चुकीची होती.

डॉक्टरांनी पत्र लिहून दिलं. शिवाय हाडांचं स्कॅन करायला सांगितलं. शिरेतून औषध टोचायचं, हाड अजून वाढत असेल तर तिथे ते जास्त गोळा होतं. रिपोर्ट गुरुवारी आला. उजवीकडे हाड अजून वाढतच होतं.

"थांबलीस तर चेहरा आणखी सरकेल," डॉक्टर म्हणाल्या. "कानासमोर चीर देऊन वाढणारं टोक काढून टाकायचं. वाढ थांबेल. हनुवटी बरीच मध्ये येईल, पूर्ण नाही. नंतर दातांना तारा लागतील. आणि एक नीट ऐक. चेहऱ्याची नस तिथूनच जाते. कधी कधी ती दुखावते, मग भुवई उचलत नाही, डोळा मिटत नाही. बहुतेकांचं काही आठवड्यांत, महिन्यांत परत येतं. क्वचित येत नाही."

"नको," पार्वती लगेच म्हणाली. "हाय तो चेहरा बरा हाय. आमाला चालतंय."

"मला नाही चालत," भाविका म्हणाली. "आई, मी चोवीस वर्षांची आहे. भिंतीकडे तोंड करून पाणी पिते मी." मग डॉक्टरांकडे वळून, "सही मीच करायची ना?"

शुक्रवारी तिने पत्र विपुलच्या टेबलावर ठेवलं. त्याने दोनदा वाचलं, कॉपी काढून वर पाठवली आणि तिला उजेडात उभं करून नवा फोटो घेतला. "ऑपरेशननंतर परत काढावा लागेल," तो म्हणाला.

"काढू की. दरवेळी रांगेत तुम्हीच उभे राहा माझ्यासाठी."

विपुल हसला, मग ओशाळला. "त्या दिवशी मी… जरा वाकडं बोललो."

"जरा नाही," भाविका म्हणाली आणि कामाला गेली.

ऑपरेशन महिन्याभराने झालं. शुद्धीवर आली तेव्हा उजव्या कानाभोवती जाड पट्टी होती. संध्याकाळी डॉक्टर आल्या. "भुवया उचल." डावी उचलली. "डोळे गच्च मिट." भाविकाने मिटले आणि तरीही उजव्या डोळ्याला वॉर्डातली ट्यूबलाइट दिसत राहिली. तिने आणखी जोर लावला. लाइट तशीच.

"सूज आहे. वाट बघू," डॉक्टर म्हणाल्या. पण त्या क्षणभर थांबल्या होत्या, ते भाविकाने पाहिलं होतं.

घरी आल्यावर एकेक दिवस डोंगरासारखा गेला. दर दोन तासांनी डोळ्यात थेंब. झोपताना पापणी खाली ओढून त्यावर चिकटपट्टी. ते सगळं पार्वती करायची. तिची बोटं खरखरीत होती, पण पापणीवर ती कशी टेकायची ते कळायचंही नाही. तोंड उघडण्याचा व्यायाम त्याहून कठीण. दातांमध्ये आइस्क्रीमच्या काड्यांची चळत सारायची आणि दर दोन दिवसांनी एक वाढवायची. भाविका घामाघूम व्हायची. पार्वती समोर बसून मोजायची.

पहिला आठवडा गेला, दुसरा गेला, तिसराही. हनुवटी मध्ये आली होती, हे सगळ्यांना दिसत होतं. भाविकाला मात्र आरशात फक्त तो उघडा डोळा दिसायचा, बाहुलीच्या डोळ्यासारखा. चौथ्या आठवड्यात तिने हातातल्या काड्या भिरकावल्या.

"तू नको म्हणत होतीस. मीच हट्ट केला. बोल ना आता! बोल की हे तू केलंस म्हणून!"

पार्वती काड्या गोळा करत राहिली. "मी नाय बोलनार."

"का? मी तर बोलले होते तुला." भाविकाचा आवाज फुटला. "चार वर्षं तुला खरं वाटत राहिलं. मलाही वाटत होतं, पण… तू गप्प बसायचीस, तेव्हा मला बरं वाटायचं, आई."

पार्वती थांबली. काड्या पुसून तिने वाटीत ठेवल्या.

"मना म्हाईत व्हतं," ती म्हणाली. "पन मारली तर मीच ना गो तुला. गाल कनचा का आसंना. चार बायकांत मारली. त्याचा मी कदी काय बोलले तुला? न्हाय बोलले. आता बोलतंय. चुकलं माजं."

पार्वतीने काड्यांची चळत पुन्हा तिच्यापुढे धरली. "घे. आज अकरा हायेत."

सहाव्या आठवड्यातल्या एका दुपारी भाविका ओटीवर चटईवर आडवी झाली होती. दुपारची म्हणून पट्टी लावली नव्हती. कल्याण रस्त्यावरून ट्रेलर जात होते, त्यांच्या घरघरीत तिला डुलकी लागली. जाग आली ती कुणीतरी अगदी जवळ श्वास घेतंय या जाणिवेने. पार्वती गुडघे टेकून, तिच्या तोंडावर वाकून बसली होती, तांदळाच्या पिठाने भरलेले दोन्ही हात अधांतरी धरून.

"काय झालं? काय बघतेस?"

"परत झाक."

"काय?"

"डोला गो! परत झाक!"

भाविकाने डोळे मिटले. उजवी पापणी मध्येच अडखळली, थरथरली, आणि सावकाश खाली आली. केसाएवढी फट राहिली, त्यातून उन्हाची एक बारीक रेघ दिसत होती. तिने पुन्हा उघडून पुन्हा मिटले. पुन्हा तेवढंच.

"पुरा न्हाय मिटला," पार्वती म्हणाली. "पन मिटतंय."

"अजून एकदा बघ."

"बघतंय. तू झाक."

चुलीवरचं पाणी उकळून सांडायला लागलं होतं, तरी पार्वती उठली नाही.