रिकाम्या हातांनी वाट द्यावी

मी पायवाट. मला कोणीही बांधलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. कारण आता माझ्या उशाशी उद्घाटनाची पाटी ठोकलीय आणि तिच्यावर भलत्याच माणसांची नावं आहेत.

वरच्या अंगाला बंगल्यांची कॉलनी, खालच्या अंगाला कामगारांच्या खोल्या, मध्ये पडीक माळ. कामाला उशीर झालेली एक बाई या माळावरून तिरकी गेली, तिच्यामागून दुसरी. गवत दबलं आणि मी झाले. चाललात तर मी आहे, थांबलात तर गवत आहे. याहून जास्त माझ्यात काही नाही.

मी एका माणसापुरतीच रुंद. त्यामुळे इथे रीतच पडली: दोघं समोरासमोर आले की ज्याचे हात रिकामे, त्याने गवतात उतरायचं. वय बघायचं नाही, मान बघायचा नाही, फक्त ओझं बघायचं. उतरलेला माणूस दोन शब्द बोलायचा. त्या दोन शब्दांत नोकऱ्या लागल्या, सोयरिकी जुळल्या, भांडणं मिटली आणि नवी लागलीसुद्धा.

सर मात्र हात पाठीशी बांधून फिरायचे. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. जगात वस्तू नाहीत, नुसतं घडणं आहे. माणूस एकटा नसतो, माती-पाणी-शेजारी मिळून त्याला घडवतात. माझ्यावरून चालताना मित्रांना हेच ऐकवायचे, आणि समोरून इस्त्रीवाल्या मावशी गाठोडं घेऊन आल्या की जागचे हलायचे नाहीत. मावशी गाठोड्यासकट गवतात. गाठोड्यात सरांचेच सदरे.

एका पावसाळ्यात मावशी उतरल्या नाहीत.

"सर, हात मोकळे आहेत तुमचे," एवढंच म्हणाल्या.

सर उतरले ते थेट चिखलात. चपलेचा अंगठा तुटला. मागून येणारा प्लंबर म्हणाला, "आता घडताय, सर."

त्या चिखलाचा राग माझ्यावर निघाला. कॉलनीच्या सभेत सरांनी ठराव मांडला: पर्यावरणपूरक सुशोभीकरण. त्यांच्या म्हाताऱ्या मित्रांनी माना डोलावल्या. त्यांना तेवढंच येतं. खाली सिमेंट, वर फरशी, बसायला बाकं, खालच्या टोकाला ओढ्यापर्यंत कुंपण, त्यात फाटक आणि फाटकाला कुलूप. शेजारी ती उद्घाटनाची ग्रॅनाइटची पाटी, स्क्रूने घट्ट आवळलेली: 'प्रवाहपथ. जगात काहीच स्थिर नाही.'

मग कुलूप कशाला लावलंत?

पूर्वी माझ्यात मुरणारं पाणी आता फरशीवरून घसरत खालच्या खोल्यांत शिरतं. पोरांची अंथरुणं भिजतात. कडेची तुती वाळली, तिची मुळं सिमेंटखाली गुदमरली. आणि माझ्यावर चालतं कोण? चार निवृत्त म्हातारे, वर-खाली, वर-खाली, नात्यांवर बोलत.

खालच्या लोकांना ट्रकच्या रस्त्याने वळसा पडतो. मावशींच्या गुडघ्यांना तो झेपेना, त्यांनी कॉलनीचे कपडे घेणंच सोडलं. तेव्हा सरांची मुलगी उठली. पहिल्याच वर्षी कॉलेज सोडून आली म्हणून घरात तिला 'पळपुटी' म्हणतात. मावशींकडे न्यायला तिने चार घरचे कपडे गोळा केले, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि फाटकाशी आली. सर आडवे उभे.

"बाबा, उघडा."

"मेन रोडने जा. सभेचा ठराव आहे."

"ठराव बदलत नाही होय? तुमच्या पुस्तकात तर डोंगरसुद्धा बदलतो."

"पुस्तकावर तू बोलूच नकोस. पळालेली माणसं तुम्ही."

"बरं, नाही बोलत. मग बाजूला व्हा. हात रिकामे आहेत तुमचे."

"हातात किल्ली आहे माझ्या."

"किल्ली म्हणजे ओझं नव्हे, बाबा."

सर हलले नाहीत. ती वळली. फरशी सोडली, कुंपणाच्या कडेकडेने ओढ्यापर्यंत गेली. तिथे कुंपण संपतं. काटे ओरबाडत ती खाली उतरली. दुसऱ्या दिवशी त्याच काट्यांतून मावशी वर आल्या. त्यांच्यामागे प्लंबर, त्याच्यामागे बाळ कडेवर घेतलेली एक बाई. वळसा वाचला.

तिकडे आता गवत दबतंय. ती मीच. इथे फरशीखाली आहे ते माझं मढं. सरांनी त्यावर खुशाल भाषणं करावीत.

तुम्हीही तिकडूनच या. माझ्यावर प्रेम करू नका, चाला. रोज चाला, नाहीतर मी उरणार नाही. येताना कुणाचं तरी ओझं घेऊन या. आणि समोरून कोणी हात पाठीशी बांधून आला, तर तो कितीही मोठा असो, गवतात उतरू नका. तिथेच उभे राहा. त्याला उतरू दे.