कार्डाचं कपाळ

पद्मजेने न विचारता उधारीचं कार्ड घेतलं, ही गोष्ट मालनताईंच्या घशाखाली चार दिवस उतरत नव्हती. लालबागच्या या घरात सून म्हणून येऊन तिला अकरा वर्षं झाली, पण असला आगाऊपणा कधी केला नव्हता. अनुजाच्या, म्हणजे लेकीच्या, बाळाच्या बारशाला सासू-सून सिंगापूरला निघालेल्या, आणि ही बया बँकेकडून उसने घेऊन तिकडे मिरवणार!

"आई, परदेशात क्रेडिट कार्डच बरं पडतं," पद्मजा समजावायची. "हॉटेलवाले खोली देताना अनामत अडकवून ठेवतात. डेबिटवर अडकवली तर आपले पैसे अडकतात, क्रेडिटवर बँकेचे."

"बँक तुझी मावशी लागते काय गो?"

"आणि कार्ड कोणी मारलं तर? डेबिटवाल्याचं खातंच साफ होतं."

"मी ठेवणार तिथे चोराचा बाप पोचायचा नाही."

मालनताईंची शाळा चौथीत सुटली, पण तोंडाने त्यांना हरवेल असं माणूस चाळीत नव्हतं. मिरच्या भाजून, मसाले करून त्यांनी स्वतःच्या नावाचं खातं उभं केलं होतं. हॉटेलचं भाडं त्याच खात्यातून, आपल्याच डेबिट कार्डाने भरायचं, हे त्यांनी गॅलरीत उभं राहून जाहीर केलं होतं. कारण होत्या गिरगावच्या कमलताई, अनुजाच्या सासूबाई. त्या आधीच सिंगापूरला जाऊन लेकाकडे ठाण मांडून बसलेल्या. त्या दोन खोल्यांत आणखी दोघींना जागा नव्हती, म्हणून हॉटेल. आता विहिणीच्या देखत सुनेने पाकीट काढायचं आणि आपण बाजूला पिशवी सांभाळत उभं राहायचं? जीव गेला तरी नाही.

पद्मजेने वाद सोडला. सासूच्या कार्डाचं परदेशातलं कुलूप मोबाईलवरून उघडून दिलं आणि स्वतःचं कार्डही गुपचूप पर्समध्ये टाकलं.

निघायच्या सकाळी, पद्मजा आंघोळीला गेलेली बघून, मालनताईंनी आपलं कार्ड देवापुढे घेतलं. घरात मिक्सर आला, फ्रीज आला, लेकाची, अवधूतची, स्कूटर आली. हळदकुंकू लावल्याशिवाय त्यांनी एकही वस्तू वापरू दिली नव्हती. मग समुद्र ओलांडणाऱ्या कार्डाने काय पाप केलं? अडचण एकच. कार्डाचं कपाळ कुठलं? स्कूटरचं दिव्याच्या वर असतं, फ्रीजचं दारावर. हे उलटंपालटं करून बघितलं, तर एका बाजूला इवलासा सोनेरी चौकोन. सोनं लावलंय म्हणजे मानाची जागा हीच! प्रवासात पुसलं जाऊ नये म्हणून स्वतःच्या कपाळाला लावत तसं त्यांनी आधी मेण लावलं, त्यावर कुंकू चांगलं दाबून बसवलं, वर हळदीचं बोट. मग रुमालात गुंडाळून चोराच्या बापाला न सापडणाऱ्या जागी ठेवून दिलं.

सिंगापूरच्या हॉटेलात कमलताई स्वागताला हजरच होत्या.

"या, या, मालनताई! दमला असाल ना?"

"दमतात ते दुसरे," म्हणत मालनताईंनी पाठ वळवली, रुमाल काढला आणि कार्ड काउंटरवर ठेवलं. अगदी हुकमाचा पत्ता टाकावा तसं.

काउंटरवरच्या मुलीने ते यंत्रात खोचलं. यंत्र किंचाळलं. तिने पुन्हा खोचलं. यंत्र पुन्हा किंचाळलं. मुलीने कार्ड उजेडात धरलं, नखाने जरासं खरवडलं आणि दचकून नखाकडे बघत विचारलं, "ब्लड?"

पद्मजेने एकदा कार्डाकडे बघितलं, एकदा सासूच्या कपाळाकडे. दोन्हीकडे लाल एकच.

ती हसली नाही. कमलताईंकडे वळून सहज म्हणाली, "सर्व्हर डाऊन असेल हो. आमच्या बँकेचं नेहमीचंच." आणि पर्समधून आपलं कार्ड काढून पुढे सरकवलं. यंत्राने बारीकसा गोड आवाज केला. खोलीची चावी आली.

"चालायचंच," कमलताई म्हणाल्या. "बँकेपुढे आपण काय करणार?"

मालनताईंनी नुसती मान हलवली असती तरी लालबागची अब्रू वाचली असती. मान हलेना. चार दिवस जिला उठताबसता टोचून खाल्लं, ती आपल्यासाठी भर परदेशात खोटं बोलत होती. आणि समोर काउंटरवर ते कार्ड, मळवट भरून, नव्या नवरीसारखं गप्प पडलेलं. त्यांना आधी ठसका लागला, मग हसू फुटलं. पदराने डोळे पुसत त्यांनी विचारलं, "अडकवली का गो अनामत?"

"हो, आई."

"कोणाची?"

"बँकेची."

"अडकू दे मेल्यांची." मग त्या विहिणीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात सुनेला म्हणाल्या, "सर्व्हर-बिर्व्हर काय नाय, पद्मजा. कार्डाच्या तोंडात मी मेण घालून कुंकू कोंबलंय. बाहेरगावी उधारीचंच कार्ड बरं, हे तुझं खरं. सासू तुझी येडी, हेही खरं. पण एक ध्यानात ठेव, तुझं चाललं ते देवाला न दाखवता आणलंस म्हणून!"