निळं न झालेलं दूध

अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेतल्या तपासनीस बाईंना बाजारात सगळे 'निळ्या बाई' म्हणत. दुधात पीठ मिसळलेलं असलं की आयोडीनचे दोन थेंब पडताच दूध निळं होतं, आणि बाईंच्या हातून एके काळी इतकं दूध निळं झालं होतं की नाव आपोआप चिकटलं. बाईंनी ते मनाला लावून घेतलं नव्हतं. उलट, त्या रस्त्यानं जाताना एखादा दुकानदार उगाचच उठून उभा राहिला की त्यांना बरं वाटे.

घरच्यांना मात्र या नोकरीचा जाच होता. मिरी आली की आधी पाण्यात, मध आला की काचेच्या पेल्यात. "आपल्याकडे जेवण वाढत नाहीत, नमुने वाढतात," असं नवरा पाहुण्यांना सांगे. सासूबाई म्हणत, "हिनं लग्नाच्या वेळी मला बाटलीत भरून नेलं नाही, हेच नशीब."

अशा बाईंच्या आयुष्यात आठ महिने चांगले गेले. म्हणजे दूध निळं व्हायचं थांबलं. आधी एका डेअरीचं थांबलं, मग दुसरीचं, मग सगळ्यांचंच. बाईंना वाटलं, आपली दहशत कामी आली. त्यांनी एकामागून एक दोनशे अकरा शुद्धतेचे दाखले दिले. डेअरीवाल्यांनी ते चौकटीत बसवून गल्ल्यामागे टांगले. प्रयोगशाळेच्या साहेबांना वरून कौतुकाचं पत्र आलं. त्यांनीही ते चौकटीत बसवलं. आठ महिन्यांत गावात सगळ्यात जोरात धंदा चालला तो चौकटवाल्याचा.

मग एका रविवारी लेक शाळेनं करून आणायला सांगितलेला प्रयोग करायला बसली. बटाट्याच्या कापावर आयोडीन टाकायचं आणि तो काळानिळा झालेला वहीत काढायचा. बाईंनी प्रयोगशाळेतून आणलेली छोटी बाटली दिली आणि त्या कपडे वाळत घालायला गेल्या.

"आई," लेक आतून ओरडली, "बटाटा पास झाला!"

"पास म्हणजे?"

"निळा होतच नाहीये."

बाई हातातला ओला टॉवेल तसाच घेऊन आत आल्या. बटाट्यावर चहासारखा डाग पडला होता. त्यांनी दुसरा बटाटा कापला. मग पावाचा तुकडा घेतला. मग मैद्याचा डबा उघडून चमचाभर मैदा बशीत ओतला आणि त्यावर पाच थेंब टाकले. मैद्यात पीठ नव्हतं.

"घ्या," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "आता मैदाही शुद्ध झाला."

बाई स्वयंपाकघरातच खाली बसल्या. टॉवेलचं पाणी फरशीवर गळत होतं.

बाटलीत आयोडीन सोडून बाकी सगळं होतं. आठ महिन्यांपूर्वी पुरवठादार बदलला होता, एवढं बाईंना आठवलं. पण त्यांना खरं झोंबलं ते वेगळंच. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी आयोडीन पिठावर टाकून पाहायचं, असा नियम होता. नोंदवहीत त्याचा रकानाही होता. पंधरा वर्षं आयोडीन कधी खोटं बोललं नव्हतं, म्हणून बाई ते न करताच रकान्यात 'योग्य' लिहीत आल्या होत्या. वळणदार अक्षरात.

सोमवारी त्यांनी साहेबांसमोर बशी ठेवली. साहेबांनी बशी जवळ ओढली.

"हे आयोडीन भेसळीचं आहे, असं तुमचं म्हणणं?"

"हो, साहेब."

"पण आपण अन्न तपासतो, बाई. आयोडीन अन्नात येत नाही. आपल्याला ते तपासायचा अधिकारच नाही."

"साहेब, दोनशे अकरा दाखले चुकीचे असतील."

"असतील. म्हणजे बरोबरही असतील," साहेब म्हणाले. त्यांची नजर भिंतीवरच्या पत्राकडे गेली. "चांगलं चाललंय ते कशाला उकरून काढता?"

टेबलाशी जाऊन बाईंनी अर्ज लिहिला: पडताळणी मी केली नव्हती, नोंद खोटी आहे, सर्व दाखले मागे घ्यावेत. साहेबांनी तो दोनदा वाचला. "हे तुमच्याच अंगाशी येईल," ते म्हणाले. बाई म्हणाल्या, "आलेलंच आहे." मग साहेबांनी नाइलाजानं पोच दिली.

औषधांच्या दुकानातून खरं आयोडीन आणून, या वेळी आधी पिठावर टाकून पाहून, बाई फेरतपासणीला निघाल्या. पहिल्याच डेअरीत दूध शाईसारखं निळं झालं. मालक हबकला नाही, दुखावला. "बाई, तुमचाच दाखला आहे," तो चौकट दाखवत म्हणाला. "आधी मलाही नवल वाटलं होतं. पण तुम्ही लिहिलंय म्हटल्यावर माझाही विश्वास बसला." तिथून पुढे जवळजवळ सगळीकडे हेच झालं.

शेवटची डेअरी मावशींची होती. मावशी म्हणजे साठीच्या, एकट्या, तोंडानं फटकळ. त्यांचं दूध पंधरा वर्षांत एकदाही निळं झालं नव्हतं, बाकीच्यांचं रोज निळं होई त्या काळातही नाही. तिथं तरी जरा टेकता येईल, म्हणून बाईंनी ती डेअरी शेवटी ठेवली होती.

त्यांनी परीक्षानळीत दूध घेतलं. दोन थेंब टाकले. दूध निळं झालं.

बाईंनी दुसरी नळी घेतली.

"कशाला वाया घालवता?" मावशी म्हणाल्या. "तेही होईल. पीठ मीच घातलंय."

"कधीपासून?"

"महिना झाला." मावशी फडक्यानं कट्टा पुसत राहिल्या. "समोरच्याचं दूध माझ्यापेक्षा स्वस्त. दिसायला दाट. आणि कागद दोघांकडे सारखाच. गिऱ्हाईक विचारायचं, मावशी, तुमच्यात जास्त काय आहे? काय सांगणार? दोघांच्या कागदावर सही तुमचीच. सात महिने दम धरला. अर्धी गिऱ्हाइकं गेली. मग म्हटलं, सरकारलाच चालतंय तर मी कशाला सोवळी राहू?"

बाईंना म्हणायचं होतं की चूक माझी आहे. पण हातातली नळी निळी होती आणि अहवालात काय लिहायचं ते नळीच ठरवत होती. त्यांनी लिहिलं. मावशींनी न वाचता सही केली.

"एक विचारू?" मावशी म्हणाल्या. "माझं नाव सोडलंत तर कुणाला कळणार आहे?"

"मला," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला आठ महिने काही कळलं नाही. तेवढंच आणखी एक."

बाईंनी बॅग उचलली आणि अहवाल जसाच्या तसा दिला.

दोनशे अकरा दाखले रद्द झाले. बाईंची एक वेतनवाढ रोखली आणि साहेबांची बदली झाली. पत्र ते सोबत घेऊन गेले. पुरवठादारानं कळवलं की बाटलीवरचं 'आयोडीन' हे त्याच्या मालाचं नाव आहे, घटक नव्हे. त्याची चौकशी सुरू झाली आणि बरेच दिवस सुरूच राहिली. इतर डेअऱ्यांबरोबर मावशींचीही डेअरी पंधरा दिवस बंद राहिली.

सोळाव्या दिवशी सकाळी बाई तिथं रांगेत उभ्या होत्या. घरापासून ती डेअरी लांब होती, वाटेत आणखी तीन लागत. त्यांची पाळी आल्यावर मावशींनी वर पाहिलं, माप बुडवलं आणि एक अक्षर न बोलता दूध भांड्यात ओतलं. रांगेतले लोक टक लावून पाहत होते. बाईंनी 'येते' म्हटलं. मावशींनी पुढचं भांडं ओढलं.

दुसऱ्या दिवशीही बाई गेल्या, तिसऱ्याही. मावशी दूध देत, बोलत नसत. एकदा नवरा म्हणाला, "अगं, ती बोलत नाही तर जातेस कशाला?" बाई म्हणाल्या, "दुधाला."

दीड महिना असाच गेला. एका सकाळी रांग दारापर्यंत आली होती आणि बाईंना ऑफिसला उशीर होत होता. मावशींनी माप न थांबवता, दुसऱ्याच कुणाकडे बघत म्हटलं, "उद्यापासून भांडं आदल्या दिवशीच ठेवून जात जा. भरून ठेवीन. रोज रोज रांगेत कशाला पाय मोडता?"

बाई "बरं" म्हणाल्या आणि दूध घेऊन भराभर निघाल्या.