धाकटीची जागा

बाईंनी द्रव नायट्रोजनच्या टाकीचं झाकण उचललं, तसा पांढऱ्या धुक्याचा लोट काठावरून ओघळला आणि त्यांच्या चपलांभोवती साचला. त्यांनी जाड निळा हातमोजा चढवला आणि आतली एक उभी सळई हळूहळू वर ओढली. सळईला एकाखाली एक पत्र्याचे चपटे डबे अडकवलेले होते. प्रत्येक डब्यात बोटाच्या पेराएवढ्या कुप्या होत्या आणि प्रत्येक कुपीत कुणाच्या ना कुणाच्या अंगातल्या पेशी गोठून झोपलेल्या होत्या.

"जपून हं, बाई," मागून चिमणी म्हणाली.

"अगं, अडतीस वर्षं दर सोमवारी मी हिचं पोट भरलंय. ती मला चावायची नाही."

चिमणी हे काही तिचं खरं नाव नव्हतं. बाईंच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी ही मुलगी संशोधनासाठी आली. पहिल्या दिवसापासून तिची चिवचिव जी सुरू झाली ती थांबेचना, म्हणून बाईंनीच ते नाव पाडलं होतं. आज मात्र हातात यादी धरून ती नुसती उभी होती.

प्रयोगशाळा नव्या इमारतीत जायची होती. उद्या ही जुनी टाकी रिकामी करणार होते. आतल्या कितीतरी चिठ्ठ्या बाईंच्या जुन्या अक्षरातल्या, त्या दुसऱ्या कुणाला वाचता येत नव्हत्या. म्हणून निवृत्तीला चार वर्षं होऊन गेल्यावर त्यांना बोलावणं आलं होतं. बोलावलं नसतं तरी त्या आल्याच असत्या. पर्समध्ये, चष्म्याच्या घराखाली, त्यांनी एक नवी चिठ्ठी घरूनच लिहून आणली होती : "जुना नमुना. हलवू नये."

"गप्प का गं?" बाईंनी विचारलं. "चोच दुखतेय?"

"सोमवारी सरांसमोर बसायचंय. विषय बंद कर म्हणणार आहेत."

"म्हणणार आहेत की म्हणाले?"

"चेहऱ्यावरून कळतं हो." चिमणीने यादीची गुंडाळी केली. "बरोबरच आहे त्यांचं. या आजारात पेशीतला कचरा बाहेर टाकला जात नाही. आतच साचत जातो. रंग घातला की पिवळ्या ठिपक्यांचा ढीग दिसायला हवा. दोन वर्षं मी रंग घालतेय बाई, आणि माझ्या आजारी पेशी निरोगी पेशींसारख्याच लख्ख! शेजारी शेजारी ठेवल्या तर कोण कुठली, सांगता यायचं नाही. माझ्याच हाताला काही येत नाही, दुसरं काय."

बाईंनी सळई पुन्हा आत सोडली. धुकं एकदा वर उसळलं आणि शांत झालं. झाकण मात्र त्यांनी लावलं नाही. काठावर हात ठेवून त्या आत बघत राहिल्या.

चिठ्ठ्यांप्रमाणे त्या आजारी पेशी बाईंच्या धाकट्या बहिणीच्या. आणि निरोगी पेशी खुद्द बाईंच्या.

घरात दोघींत मिळून एकच पलंग होता. धाकटी भिंतीच्या बाजूला काही झोपायची नाही, खिडकीतला वारा हवा म्हणून काठाशी झोपायची. थोरली झोपेत हातपाय पसरायची, आणि सकाळी धाकटी चादरीसकट खाली फरशीवर! "आई, हिने आजपण मला ढकललं," ही घरातली रोजची आरोळी. मग धाकटीचे पाय आपणहून अडखळायला लागले. पुढे हात. बाविसाव्या वर्षी तिला भाजी चिरता येईना.

थोरलीच्या नोकरीचं तेव्हा तिसरं वर्ष. मोठे सर म्हणाले, बहिणीच्या त्वचेचा तुकडा मिळाला तर आजाराचं मूळ शोधता येईल. आणि ताडून बघायला तुझाही हवा. दोघी शेजारी शेजारी खुर्च्यांत बसल्या होत्या. मसुराच्या दाण्याएवढा तुकडा, दोघींच्याही डाव्या हाताचा. धाकटी म्हणाली होती, "बघ हं, तुझं कातडं जाड. तूच टिकशील." आणि मग, जरा वेळाने, "बाटलीत तरी मला ढकलू नकोस."

टेबलाजवळची नर्ससुद्धा हसली होती.

त्या वेळचं सगळं बाईंना असं पाण्याखालून दिसल्यासारखं आठवे. उबेच्या कपाटाचं काचेचं दार, आत अंगाच्या तापमानाइतकी ऊब, लालसर पोषकद्रव, आणि त्यात तळाला धरून राहिलेल्या लांबट पेशी, दोन्ही हात पसरून पालथ्या निजलेल्या पोरींसारख्या. बाईंच्या पेशी भराभर वाढायच्या. धाकटीच्या सावकाश. इतक्या सावकाश, की बाई दुपारचा डबा खाऊन आल्या की नेमाने सूक्ष्मदर्शकातून त्यांना बघून यायच्या.

धाकटी गेली, त्यानंतर चौथ्या दिवशी थोरली कामावर आली. नियम तिला पाठ होता, नव्या मुलांना तीच शिकवायची : दोन माणसांच्या पेशी एका वेळी उघडायच्या नाहीत. प्रत्येकीचं पोषकद्रव वेगळं, नळी वेगळी, मध्ये टेबल पुसून काढायचं. त्या दिवशी तिने दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्हींची झाकणं काढली. आणि एकाच नळीने, आधी आपल्याला आणि मग धाकटीला, ताटात वाढावं तसं वाढलं. चूक झाली असं नंतर तिने स्वतःला पुष्कळ वेळा सांगून पाहिलं. पण हात चुकला नव्हता. त्या दिवशी तिला दोघींना एकत्र बसवायचं होतं, एवढंच.

दोन महिन्यांत धाकटीच्या पेशी जोमाने वाढायला लागल्या. मोठ्या सरांनी पाठ थोपटली. थोरलीला ती भराभर वाढ ओळखीची होती; नळीबरोबर तिच्याच पेशी त्या बाटलीत गेल्या होत्या. पुढे त्या बाटलीतून शेकडो कुप्या गोठवल्या गेल्या, सगळ्यांवर धाकटीचा क्रमांक, सगळ्या चिठ्ठ्या थोरलीच्या अक्षरात. त्या दिवसाच्या आधीची एकच कुपी उरली होती. ती तिने उचलून अगदी तळाच्या डब्यात, कोपऱ्यात ठेवली आणि वर लिहिलं, "रिकामी." रिकाम्या कुपीला कोण हात लावतो? धाकटीचं जिवंत असं जगात तेवढंच होतं. दर सोमवारी टाकी भरताना थोरलीला पांघरूण सारखं केल्यासारखं वाटायचं.

"बाई? वाफ डोळ्यात जाईल."

बाईंनी पर्स उघडली. घरून आणलेली चिठ्ठी बोटांत धरली, वाचली, आणि घडी करून पुन्हा चष्म्याच्या घराखाली सरकवून दिली.

"चिमणे, तुझ्या हाताला दोष नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्या आजारी पेशी आजारी नाहीतच. त्या माझ्या आहेत."

चिमणी आधी हसली. मग बाई जे सांगत गेल्या ते ऐकता ऐकता तिच्या हातातली यादी सुटून खाली धुक्यात पडली. ती कुणीच उचलली नाही.

"दोन वर्षं, बाई," शेवटी ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही भेटायला यायचात. माझ्याशेजारी बसून चहा प्यायचात. काय चाललंय म्हणून विचारायचात."

"हो."

"ओळख पटवायची चाचणी असते. सगळेच करतात. मी नाही केली. चिठ्ठीवर तुमचं अक्षर होतं म्हणून नाही केली."

बाईंनी हातमोजा नीट ओढून घेतला, दुसरी सळई वर काढली, तळाचा डबा उघडला आणि कोपऱ्यातली कुपी चिमट्याने उचलली. तिच्यावर पांढरी लव धरली होती.

"हिच्यावर आता चाचणी कर. आणि सोमवारी सरांसमोर मी बसेन. सगळं लिहून देईन, सही करून."

"ही एकच आहे?"

"एकच."

"आणि नाही उठली तर?"

"तर नाही."

चिमणीने डोळे बाहीला पुसले. कोमट पाण्याचं भांडं तयार होतं. तिने ते बाईंपुढे सरकवलं. "तुम्ही करा. असलं जुनं काही मी कधी उठवलेलं नाही. तुमचा हात बसलाय."

"म्हणूनच नको. माझा हात नको हिच्या वाट्याला." बाई कुपीसकट चिमटा तिच्या हातात देऊन दोन पावलं मागे सरल्या आणि हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या. "पाण्यात धर. हलकेच फिरव. झोपलेलं पोर उठवतेस असं समज. तिळाएवढा बर्फ उरला की बाहेर. आत्ता! हां. आता पोषकद्रव थेंबाथेंबाने. घाई नको. तिला घाई कधी मानवली नाही."

बाटली उबेच्या कपाटात ठेवायला चिमणी निघाली, तेव्हा बाई तेवढंच म्हणाल्या, "पलीकडच्या कपाटात ठेव. माझ्यापासून लांब."

पुढचे चार दिवस बाई घरी होत्या. पत्र लिहीत होत्या, फाडत होत्या. चिमणीचा फोन नाही, आणि आपण करावा असं तोंड उरलेलं नाही. सोमवारी सकाळी त्या वेळेआधी तासभर पोचल्या. मांडीवर पर्स, पर्सवर पाकीट, अशा व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. दार उघडून चिमणीने मान बाहेर काढली. तिचे केस विस्कटलेले होते.

"आत या," एवढंच म्हणाली.

अंधारलेल्या खोलीत सूक्ष्मदर्शकाचा पडदा निळसर उजळला होता. त्यावर मोजक्याच पेशी होत्या, एकमेकींपासून लांब लांब. आणि प्रत्येकीच्या पोटात पिवळ्या ठिपक्यांचा ढीग लागला होता.

"साचलंय, बाई," चिमणी हसतही होती आणि नाक ओढतही होती. "सगळंच्या सगळं साचलंय. मी तुमच्यावर अजून चिडलेली आहे हं. पण बघा ना!"

"तिने कधी काही टाकलंच नाही," बाई म्हणाल्या. "बसची तिकिटं, तुटकी बटणं, काय वाट्टेल ते. उशीखाली ठेवायची."

"सर बोलावतील आता."

"येते. दोन मिनिटं बघू दे."

चिमणीने त्यांच्यासाठी स्टूल ओढलं आणि ती दाराशी जाऊन उभी राहिली. बाईंनी पाकीट टेबलावर ठेवलं, चष्मा कपाळावर सारला आणि डोळा भिंगाला लावला. मधोमध एक पेशी होती. आजूबाजूला कुणी नव्हतं. तिने एक हात पसरला होता, दुसरा पसरता पसरता थांबल्यासारखा दिसत होता, कुणी आहे का पलीकडे, ते चाचपून बघत असल्यासारखा.

सरांचं बोलावणं आलं. चिमणीने हाक मारायला वळून पाहिलं आणि ती तशीच थांबली. एवढं रुंद स्टूल, पण बाई त्याच्या अगदी कडेवर, अंग चोरून बसल्या होत्या.