बाबनरावांची पापणी

मयुराने सतरंजीवर फोटो मांडले. एकूण अकरा. अकराही फोटोंत तिचे वडील, बाबनराव, आणि अकराही तिनेच, पुण्याला शिकायला जाण्याआधी काढलेले. नऊ घरात, कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या छोट्या फ्लॅशने. दोन ओट्यावर, उन्हात. उन्हातल्या दोन्ही फोटोंत डोळे उघडे होते, पण अर्ध्या चेहऱ्यावर पत्र्याची सावली पडली होती. फ्लॅशच्या नऊपैकी नऊ फोटोंत डोळे मिटलेले.

पलीकडे माग चालू होता. धोटा इकडून तिकडे जायचा, फणी आपटायची, पुन्हा धोटा. मग आवाज थांबला.

"झालं का मोजून?"

"नऊच्या नऊ मिटलेले, बाबा. ध्यान लावून बसल्यासारखे दिसता."

"मंग ध्यानातलाच घेऊन जा. पुढं हार घालायले तोच कामी येईन."

"काहीही बोलता."

"खरं बोलून राहिलो. मेलेल्याचे डोळे कोण पाह्यते वं?"

तिने फोटो गोळा केले. सोमवारी तिला बंगळुरूला रुजू व्हायचे होते. पाच वर्षांचे संशोधन. जागा एकच होती आणि ती तिला मिळाली होती. तिकडच्या खोलीच्या भिंतीवर वडिलांचा एक तरी डोळे उघडे असलेला फोटो असावा, एवढेच तिच्या मनात होते. पण जाण्याला तिने स्वतःच एक अट घातली होती. बाबनरावांना तीन वर्षांपूर्वी काचबिंदू निघाला होता. आई नव्हती, घरात दुसरे कोणी नव्हते. डोळे बिघडले असतील तर मी जाणार नाही, नागपुरातच काहीतरी पाहीन, असे तिने फोनवर स्पष्ट सांगितले होते. पुण्यात एम.एस्सी. करताना ती दर आठवड्याला विचारायची आणि दर आठवड्याला तेच उत्तर यायचे: डॉक्टर म्हणे, जिथल्या तिथं आहे.

घरी येऊन तिला चार दिवस झाले होते. चहा कपाबाहेर सांडत नव्हता. शेजारच्या रंभाबाईंकडे डबा परत द्यायला ते एकटे जात होते. आणि माग चालत होता. आताही ताण्यातला एक धागा तुटला, तेव्हा त्यांनी मान न वाकवता बोटांनी टोके शोधली आणि चिमटीत पिळून जोडली. यात नवे काहीच नव्हते. तांडापेठेत, विणकरांच्या त्यांच्या वस्तीत, धागा जोडताना जो खाली पाहतो तो कच्चा विणकर, असे मानायची रीत होती. बाबनरावांना खाली पाहताना तिने कधीच पाहिले नव्हते.

कापड तेवढे वेगळे होते. पूर्वी मागावर लाल काठाचे लुगडे असायचे. आता नुसते पांढरे, काठ नसलेले.

"रंगाचं काम बंद केलं का?"

"मागतच नाही कोणी." ते उठले. "चाल, तुले पाह्यजे तो नवा फ्लॅश आणू."

धरमपेठेतले कॅमेऱ्यांचे दुकान अरुंद होते. रस्ता ओलांडताना बाबनरावांनी तिच्या पिशवीचा बंद धरला, तो आत आल्यावरही सोडला नाही. काउंटरमागच्या भूपेशने दोन फ्लॅश काढून ठेवले.

"ताई, हा ऑटोमॅटिक. उजेड किती टाकायचा ते त्याचं तोच पाहून घेते. आणि हा साधा. ताकद हाताने सेट करा लागते. पहिलाच फ्लॅश असन तर ऑटोमॅटिक घ्या, झंझटच नाही."

मयुराने याबद्दल आधीच वाचले होते. फ्लॅशचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाही टिकत नाही. पापणी मिटायला त्याच्या शंभरपट वेळ लागतो. म्हणजे झोत पाहून मिटलेला डोळा त्याच झोताच्या फोटोत येऊच शकत नाही. पण ऑटोमॅटिक फ्लॅश खऱ्या झोताच्या आधी एक छोटा झोत टाकतो, उजेड मोजण्यासाठी. तिच्या कॅमेऱ्यातला छोटा फ्लॅशही तेच करायचा. ज्यांची पापणी चपळ असते ते त्या पहिल्या झोतालाच सापडतात. साधा फ्लॅश एकदाच उजळतो. म्हणून साधा घ्यायचा, असे तिने घरूनच ठरवले होते.

"ऑटोमॅटिकमध्ये यांचे डोळे मिटतात," ती म्हणाली. "नऊपैकी नऊ वेळा."

"तो कॅमेऱ्याचा फुसका फ्लॅश असन. हा पाहा तरी. काकाजी, इकडे पाहा."

बाबनरावांनी आवाजाकडे तोंड केले. भूपेशने तिच्या कॅमेऱ्यावर ऑटोमॅटिक फ्लॅश चढवला आणि एकामागून एक सहा फोटो काढले. मग पडदा तिच्याकडे वळवला.

सहाही फोटोंत डोळे सताड उघडे.

"हीरो आहे ना काकाजी आपले! पापणीच लवून नाही राहिली. तुम्ही उगाच नाव ठेवून राहिल्या होत्या, ताई."

बाबनराव हसले. "पोरीले फोटोच काढता येत नव्हते, दुसरं काय."

मयुरा हसली नाही. तिने सहाही फोटो पुन्हा एकेक करून पाहिले.

"दादा, आता माझे काढा. तसेच सहा."

"तुमचे कायले?"

"काढा ना."

भूपेशने काढले. तिचे डोळे दोन फोटोंत पूर्ण मिटले होते, एकात अर्धवट. म्हणजे पहिला झोत पडत होता. तिने वडिलांचा फोटो मोठा केला. दोन्ही बुबुळांत फ्लॅशचा एकेक पांढरा चौकोन नीट उमटला होता. नजर भिंगाच्या थोडी डावीकडे, जिथून भूपेश बोलत होता तिथे.

"तर मंग ऑटोमॅटिक पॅक करू?"

तिने दुसरा फ्लॅश उचलला आणि मागची चकती फिरवून पाहिली.

"यात ताकद एकेक पायरीने वाढवता येते ना?"

"येते. पण तुम्हाले फोटो काढायचा आहे ना? काकाजींचा तर यातच—"

"आणि कॅमेरा न लावता नुसता पेटवता येतो?"

"टेस्टचं बटण आहे. पण ताई, उगाच झंझट घेऊन राहिल्या तुम्ही."

"हाच द्या."

दुकानाबाहेर बाबनरावांचा हात पुन्हा तिच्या पिशवीवर आला. आता तो किती वेळ तिथे राहतो याकडे तिचे लक्ष होते. रिक्षात बसेपर्यंत त्यांनी तो काढला नाही.

घरी पोहोचल्यावर बाबनराव मागासमोर स्टुलावर बसले. त्यांनी टोपी सारखी केली, सदऱ्याचे वरचे बटण लावले, हात मांड्यांवर ठेवले.

"असा ठीक आहे?"

"ठीक आहे."

"काढताना सांगजो. या खेपेले नाही मिटत डोळे."

मयुराने कॅमेरा सतरंजीवर ठेवला. फ्लॅश तेवढा हातात घेतला. खिडकी लावली. त्यांच्यापासून दीड मीटरवर उभी राहून तिने चकती सगळ्यात कमी ताकदीवर, १/६४ वर आणली आणि काही न बोलता बटण दाबले.

मागावरचे पांढरे कापड क्षणभर उजळले. बाबनराव तसेच ताठ बसून होते, ओठांवर फोटोसाठीचे हसू.

१/३२. भिंत उजळली.

१/१६.

"काहून थांबली वं? काढ ना."

"काढते, बाबा."

१/८. तिचा अंगठा ओला झाला होता. तिने तो ओढणीला पुसला आणि चकती फिरवली. १/४.

"नवा आणला अन् चालू नाही होऊन राहिला का? वापस करून ये त्याले."

"होतोय चालू. हसा तसेच."

"हसूनच तं राहिलो मघापासून. गाल दुखाले लागले." त्यांनी टोपी पुन्हा सारखी केली. मग सहज विचारल्यासारखे म्हणाले, "सोमवारचं तिकीट पक्कं आहे ना तुयं?"

"पक्कं आहे."

"मंग झालं. जाऊन ये निवांत. इथं मले कायची कमी आहे?"

१/२. कोपऱ्यातली जळमटेसुद्धा दिसली. तिने डोळे घट्ट मिटून घेतले. उघडल्यावर काही वेळ तिला वडिलांच्या जागी नुसता हिरवट डाग दिसत होता. तो विरला तेव्हा ते तसेच बसलेले होते, तिच्या आवाजाकडे तोंड करून.

शेवटी १/१, पूर्ण ताकद. या वेळी फ्लॅशमधून टप् असा आवाज झाला.

बाबनराव दचकले. मग त्यांचा चेहरा खुलला.

"आला ना आता? या खेपेले उघडे होते डोळे. पाहा बरं."

मयुरा सतरंजीवर बसली. फ्लॅश अजून गरम होता.

"हो, बाबा," ती म्हणाली. "उघडे होते."

१/६४ ते १/२, सहा झोत: पापणी लवली नाही. १/१, आवाजासकट: एकदा लवली.